थंडीतला रोहू: खोल पाण्यात गरी कशी टाकावी

हिवाळ्यात गरीला रोहू हवा असेल तर जागा मे महिन्यात पाहून ठेवा. माझ्या दुकानात येणाऱ्या पोरांना मी पहिलं हेच सांगतो. त्यांना मात्र रील कोणती घ्यावी आणि रॉड किती फुटांचा घ्यावा, एवढंच हवं असतं. रॉडचं नंतर बघू. मेअखेर धरणाचं पाणी इतकं मागे सरतं की डिसेंबरात जिथे दोन-तीन पुरुष पाणी असतं, तिथून चपला घालून चालत जाता येतं. बुटीबोरी मागे टाकून वेणा नदीवरच्या वडगावच्या धरणावर मी दर मे महिन्यात एक सकाळ याच कामासाठी जातो. सोबत गरी नेत नाही. वही, पेन्सिल आणि पाण्याची बाटली, एवढंच.

त्या उघड्या पडलेल्या तळात काय बघायचं? जुनी पांदण बघायची. बैलगाड्यांनी दाबलेली ती वाट पाण्याखाली वर्षानुवर्षं टणकच राहते. बुडालेल्या शेतांचे धुरे बघायचे. जुन्या नाल्याचं पात्र कुठून वळतं आणि त्याचा काठ कुठे एकदम उतरतो, ते बघायचं. काळ्या मातीत मधेच मुरमाचा उंचवटा असला तर त्याच्यापाशी थांबायचं, कारण विदर्भातल्या धरणांचा बराचसा तळ काळ्या मातीच्या गाळाचा असतो. गाळात शिसं रुततं आणि चारा दिसेनासा होतो. मुरमावर तो वर राहतो. बाभळीचे खुंटही टिपून ठेवा. मासे तिथे असतात, पण तंगूसही, म्हणजे गरीची नायलॉनची दोरी, तिथेच तुटते.

मग त्या जागेवर उभं राहून दोन निशाण्या जुळवा. माझ्या एका जागेवरून पाहिलं की पलीकडच्या काठावरचा पळस बरोबर विजेच्या खांबाच्या रेषेत येतो, आणि उजवीकडे पिचिंगचा, म्हणजे धरणाच्या उतारावर रचलेल्या दगडांतला, एक पांढरा दगड आणि त्यामागचं कडुनिंबाचं झाड एका ओळीत दिसतात. या दोन रेषा जिथे एकमेकींना कापतात तिथे पांदण नाल्यात उतरते. जानेवारीत सगळीकडे सारखंच पाणी दिसत असताना ती जागा मला हाताच्या रेषेसारखी ठाऊक असते. वही नसती तर मीही अंदाजानेच फेकत राहिलो असतो.

माझं नागपूरच्या इतवारीत मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. पंप, कूलर, मिक्सर जे येईल ते. हिवाळ्यात कूलर बंद, शेतातले पंपच तेवढे येतात, म्हणून रविवार मोकळा मिळतो. गरी मला एका ढिवर, म्हणजे मासेमारी करणाऱ्या समाजातल्या, म्हाताऱ्याने शिकवली. मी त्याला मामा म्हणतो. पन्नास वर्षं डोंग्यात, म्हणजे लहान होडीत, काढलेला माणूस. पहिल्या हिवाळ्यात मी लिंबाएवढा गोळा गळाला लावून बसलो होतो. मामाने तो काढून टाकला आणि म्हणाला, "पोट्ट्या, हिवाळ्यात मासा खात नाही, चाखते." पुढे जे सांगतोय ते सगळं या एका वाक्यातून निघालेलं आहे.

आधी परवानगीचं. आपल्याकडची बहुतेक धरणं आणि तलाव मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात. पाण्यात बीज टाकायचा खर्च त्यांचा, राखण त्यांची. काठावर येऊन बसलं म्हणजे मासा आपला झाला असं होत नाही. आधी संस्थेच्या माणसाला भेटा, विचारा, जे पैसे ठरतील ते द्या. मी तसंच करतो, आणि त्या ओळखीतूनच मला मामा भेटला. तोतलाडोह धरण पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या आत आहे, तिथे मासेमारी चालत नाही. शहरातल्या अंबाझरी-फुटाळ्यावर कोणी बसलेलं दिसलं म्हणून आपणही बसू नये.

आता खोल पाणीच का? रोहू हा उबदार पाण्यातला मासा. पाणी १४ अंशांच्या खाली गेलं की त्याला ते मानवत नाही, आणि त्याच्या बरंच आधीपासून त्याची भूक मंदावते. नागपुरात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री उघड्या आकाशाखाली पाण्याचा वरचा थर गार होतो. गार पाणी जड, ते खाली बसतं आणि त्याच्या जागी खालचं वर येतं. काठाशी दोन-तीन फूट पाणी असेल तर ते सगळंच्या सगळं रातोरात गारठतं. खोल भागात एवढं पाणी असतं की एका रात्रीत फार फरक पडत नाही. मी हे मोजून पाहिलं आहे. एका जड बाटलीच्या तोंडाला बूच, बुचाला वेगळी दोरी. बाटली तळाशी सोडायची, दोरीला झटका देऊन बूच काढायचं, बुडबुडे थांबेपर्यंत वाट बघायची, पटकन वर ओढून थर्मामीटर बुडवायचा. जानेवारीतल्या एका सकाळी सातला काठाशी १७ अंश होते आणि वीस फुटांवर २०. तीन अंश आपल्याला कळणारही नाहीत, पण माशाचं अंग पाण्याइतकंच गार किंवा गरम असतं, त्याला ते फार असतात. त्यातही एका दिवसातला चढउतार त्याला जास्त त्रासाचा. म्हणून तो जिथे पाणी स्थिर आहे तिथे जाऊन बसतो.

तरी सगळ्यात खोल जागा ती सगळ्यात चांगली, असं समजू नका. धरणाच्या भिंतीपाशी जास्तीत जास्त पाणी असतं, तिथे मला आजवर फार कमी मिळालं. मला रोहू मिळतो तो उतारावर, साधारण पंधरा ते पंचवीस फुटांत, जिथून त्याला दुपारी ऊन लागल्यावर थोडं वर सरकता येतं आणि संध्याकाळी परत खाली उतरता येतं. पांदण नाल्यात उतरते ती जागा म्हणूनच मला प्रिय आहे. तिथे चढ-उतार आणि टणक तळ एकत्र मिळतात.

खोली मोजायची पद्धत नीट समजून घ्या, कारण बाकी सगळं याच्यावर आहे. एका जाड शिशाला कडी बांधा. तंगूस त्या कडीतून ओवून तिच्या टोकाला मोठा तरंडा, म्हणजे पाण्यावर तरंगणारा गोळा, बांधा, थर्मोकोलचा चालतो. फेका. शिसं तळाला गेलं की रील गुंडाळत तरंडा खाली ओढा, तो शिशाला येऊन टेकला की हाताला कळतं. आता रॉड स्थिर धरून रीलमधून एक-एक फूट तंगूस सोडायची आणि मोजायचं. तरंडा हळूहळू वर येतो. ज्या आकड्याला तो पाण्यावर दिसला तेवढे फूट खोली. फूट कसा मोजायचा? मी रॉडवर रीलपासून पुढे एक फुटावर लाल सुती धाग्याचे वेढे देऊन वार्निश लावलं आहे, दुकानात मोटारीच्या कॉइलला लावतो तेच. प्रत्येक वेळी तंगूस तिथपर्यंत ओढायची आणि सोडायची. मग शिसं दहा हात आपल्याकडे ओढा, पुन्हा मोजा. असं अर्धा तास केलं की कागदावर तळाचा उतार उभा राहतो.

शिसं ओढताना बोट तंगुशीवर ठेवा. मुरूम असेल तर खडखड जाणवते. गाळ असेल तर शिसं चिकटल्यासारखं ओढलं जातं, मग एकदम सुटतं. शेवाळात जड होत जातं. खुंटाला अडकलं तर अडकलंच. माझी बोटं ३६ गेजची तार ओढण्यात घडलेली आहेत. तुटायच्या आधी तार बोटाला सांगते, आणि तेच कान मी पाण्यातही लावतो. ज्यांना ही सवय नाही त्यांनी डोळे मिटून ओढून पाहावं. दोन-तीन रविवारांत फरक कळायला लागतो.

सामान साधंच. आठ-नऊ फुटांचा लवचिक टोकाचा रॉड, मधली रील, ०.३० मिमीची मुख्य तंगूस. शिसं २० ते ३० ग्रॅमचं, तंगुशीवर मोकळं सरकणारं, म्हणजे माशाने चारा उचलला तर त्याला वजन लागत नाही. शिशाच्या पुढे मी मोटारीत तारेवर चढवतो ती फायबर ग्लासची स्लीव्ह एक वीत घालतो, त्यामुळे फेकताना गळाची बारीक दोरी मागे गुंतत नाही. ही बारीक दोरी ०.२२ मिमीची, हातभर लांब. गळ सहा किंवा आठ नंबरचा. पावसाळ्यानंतर वापरता तो मोठा गळ थंडीत घरीच ठेवा.

चाऱ्याबद्दल प्रत्येकाचं आपलं गुपित असतं. माझं काही गुपित नाही. एक वाटी कणीक, अर्धी वाटी डाळव्याचं पीठ, मूठभर वाळलेली मोहफुलं रात्री भिजवून सकाळी वाटलेली, आणि तव्यावर भाजून कुटलेली चिमूटभर मेथी. धरणाच्याच पाण्यात मळायचं, कानाच्या पाळीइतकं मऊ. तेल-तूप घालू नका. उन्हाळ्यात तेलाचा वास पाण्यात पसरतो, थंडीत तेल घट्ट होऊन गोळ्यातच बसून राहतं. मोहफुलांचा गोडवा पाण्यात विरघळतो, म्हणून तो थंडीतही पोचतो.

इथे एक गोष्ट जीव तोडून सांगायची आहे. मोहाचं फूल चालतं, मोहाच्या बियांची ढेप कधीही वापरू नका. त्या ढेपेत सॅपोनिन असतं, ते माशांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतं. मत्स्यबीज सोडण्याआधी तळ्यातले नको असलेले मासे मारायला हीच ढेप हेक्टरी २,००० ते २,५०० किलो टाकतात. तुमच्या मूठभर ढेपेने धरण मरणार नाही हे खरं, पण ज्याला मासा हवा त्याने माशाचं विष हातात का घ्यावं? ढेप घालायचीच असेल तर जवसाची किंवा सरकीची घाला, तीही थोडी.

किती चारा टाकायचा यात बहुतेकांची चूक होते. उन्हाळ्यात आपण टोपलंभर कोंडा टाकतो आणि मासा गोळा होतो. रोहू, मृगळ, कटला या कुळातल्या माशांना जठर नसतं, खाल्लेलं सरळ आतड्यात जातं, आणि गार पाण्यात पचायला फार वेळ लागतो. थंडीत टोपलंभर टाकलं तर तो तेवढ्यावरच दिवस काढेल आणि तुमच्या गळाकडे बघणारही नाही. मी भाताचा कोंडा आणि जवसाच्या ढेपेचा चुरा मिळून दोन मुठी घेतो, गोळे करतो आणि ठरलेल्या जागी टाकतो. बस. पुढे तासाने बोराएवढे दोन गोळे. गळावरचा चारा हरभऱ्याच्या दाण्याएवढा.

तो दाणा गाळात बुडू नये म्हणून गळावर आधी ज्वारीची एक लाही टोचतो आणि तिच्याभोवती पीठ लावतो. लाही हलकी, ती पिठाचं वजन तोलून धरते आणि चारा तळावर अलगद टेकतो. रोहूचं तोंड खालच्या बाजूला असलं तरी तो मृगळासारखा तळ उकरणारा नाही, मधल्या पाण्यात चरणारा आहे. थंडीत तो खाली आलेला असतो, तरी गाळात तोंड खुपसायला त्याला आवडत नाही. लाही वीस-पंचवीस मिनिटांत भिजते, मग बदलायची. घरी बादलीत घालून बघा: चारा दगडासारखा बुडत असेल तर पीठ कमी करा, तरंगत असेल तर वाढवा.

वेळेबद्दल मला ठाम बोलायचं आहे. पहाटे पाचला काठावर जाऊन कुडकुडण्यात काही अर्थ नाही. त्या वेळी पाणी दिवसातलं सगळ्यात गार असतं. आम्ही घरून साडेसातला निघतो, वाटेत तर्री-पोहे खातो, नऊला पोचतो, दहापर्यंत खोली मोजून चारा टाकतो. खरा वेळ अकरा ते चार. शक्यतो दुपारचं ऊन ज्या उतारावर पडतं तो काठ निवडा आणि उत्तरेचा वारा पाठीवर घ्या.

आभाळाकडेही बघा. जानेवारीत आपल्याकडे अधूनमधून ढग येतात, कधी अवकाळी, कधी गारा. ढगाळ रात्री उबदार असतात, आणि तशा दोन रात्रींनंतरचा दिवस मला हिवाळ्यातला सगळ्यात चांगला वाटतो. आभाळ मोकळं होऊन पारा एकदम उतरला की दोन-तीन दिवस घरी बसा. २०१८ च्या डिसेंबरअखेर नागपुरात पारा ३.५ अंशांवर गेला होता, तेव्हा मी हट्टाने गेलो. मामा डोंगा उलटा टाकून शेकोटीपाशी बसला होता. "आज पाण्यात कोणी जागं नाही," म्हणाला. दिवसभरात एक टिचकीसुद्धा, म्हणजे माशाने चाऱ्याला तोंड लावल्याची हालचाल, लागली नाही.

आता टिचकीचं. पावसाळ्यानंतर रोहू चारा घेऊन पळतो, रॉड वाकतो, घुंगरू वाजतं. थंडीत तसं काही होत नाही. रॉडचं टोक एकदा थरथरतं, किंवा ताणलेली तंगूस अंगुळभर सैल पडते, आणि परत शांत. ही सैल पडणारी तंगूसच सगळ्यात जास्त हुकते, कारण लोक ओढ लागण्याची वाट बघतात. मासा चारा तोंडात घेऊन जागच्या जागी किंवा आपल्याकडे सरकलेला असतो. रील फिरवून सैल तंगूस घ्या आणि रॉड वर उचला. उचला म्हणतोय, झटका नको. रोहूचे ओठ मांसल असतात, बारीक गळ सहज बसतो, झटक्याने ओठ फाटतो.

बसल्यावर पहिली ओढ खुंटांकडे असते. तिथे रॉड आडवा करून त्याला बाजूला वळवावं लागतं. बाकी घाई नाही. रीलचा ब्रेक सैल ठेवा, घेऊ द्या, परत घ्या. दोन-तीन किलोचा रोहू थंडीत पाच-सात मिनिटांत दमतो. हातजाळी आधी पाण्यात बुडवून ठेवा आणि मासा तिच्यावर आणा. जाळी घेऊन माशामागे धावलं की तो शेवटची उसळी मारतो.

माझा भाचा अमेरिकेत टेनेसीत असतो, तोही हिवाळ्यात तिथल्या तलावांवर बास धरतो. व्हिडिओ कॉलवर आम्ही याच गोष्टी बोलतो. त्याचा बासही थंडीत जुन्या नदीच्या पात्राच्या कडेला, एकदम उतार असतो तिथे जमतो. पण तो शिकारी मासा, लहान मासे खाणारा. म्हणून भाचा धातूचा चमचमता चमचा सरळ खाली सोडून अगदी हळू वर-खाली करतो. एक फरक मला त्याच्याकडून कळला आणि तो मोलाचा आहे. बासच्या पोटातली हवेची पिशवी बंद असते. तीस फुटांहून खोल पाण्यातून त्याला वर ओढलं की पिशवी फुगते आणि सोडला तरी तो खाली जाऊ शकत नाही. आपल्या रोहू-मृगळांच्या पिशवीची नळी घशाशी उघडते, ते हवा सोडून देऊ शकतात. म्हणून खोलातून काढलेला लहान रोहू परत सोडला तर जगतो. अर्धा किलोखालचे सगळे सोडा. हात ओले करून धरा, कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तिथे बुरशी धरते.

काठाबद्दल सावध करतो. गहू-हरभऱ्यासाठी कालवा सुटला की पाणी मागे हटतं आणि मोकळ्या झालेल्या गाळावर वरून पापुद्रा वाळतो. दिसायला जमीन, आत दलदल. चार वर्षांपूर्वी मी तसल्या गाळात मांडीपर्यंत गेलो. मामाच्या मुलाने बांबू आडवा टाकला म्हणून निघालो, एक बूट अजून तिथेच आहे. पुढे पाय टाकण्याआधी काठीने टोचून बघा. पिचिंगच्या दगडांवर सकाळी दव असतं, तिथे बसूनच उतरा. आणि एकट्याने जाऊ नका.

तुटलेली तंगूस खिशात घाला, काठावर टाकू नका. हिवाळ्यात याच पाण्यावर चक्रवाक आणि पट्टकादंब उतरलेले असतात. संक्रांतीला नायलॉनच्या मांजाने पक्ष्यांचे काय हाल होतात ते नागपूरकरांना सांगायला नको, आपली तंगूसही नायलॉनचीच आहे. मी जुना डबा सोबत ठेवतो आणि दुसऱ्यांनी टाकलेलीही गोळा करून आणतो.

चार वाजता सावली पाण्यावर लांब पडायला लागली की गुंडाळायचं. मिळालेल्यातला एक मासा मामाच्या घरी. निघण्याआधी पाणी पिचिंगच्या कितव्या दगडाला टेकलं आहे ते वहीत तारखेसह लिहायचं. कालवा चालू असेल तर पुढच्या रविवारी ते एखादा दगड खाली गेलेलं असेल, तुमच्या अठरा फुटांचे सतरा झालेले असतील, आणि रोहू पांदणीवरून नाल्याकडे तेवढाच सरकलेला असेल.